उतारू आणि पोचवणारा

या सदरातले अतर्क्य अनुभव मी आजवर रविवारी सकाळी, दाढी करायच्या आधी वाचत आलो, आणि बहुतेक वेळा 'पित्त झालं असेल' म्हणून पान उलटत आलो. सांगलीला, विश्रामबागेत एका कॉलेजात मी इतिहास शिकवतो. पुरावा नसेल तर आमच्या विषयात माणूस तोंड उघडत नाही... आणि आज माझ्याकडे पुरावा नाही. तरीही लिहितोय. माझी बायको शैला म्हणाली, "लिहून टाका एकदाचं. रोज मला एकटीला ऐकवता, त्यापेक्षा सगळ्यांना ऐकवा."

गेल्या एप्रिलमधली गोष्ट आहे. वेळ भर दुपारची. ठिकाण – सातारा जिल्ह्यातलं वाठार स्टेशन.

वाठारबद्दल थोडं सांगावं लागेल. आज पाचगणी-महाबळेश्वरला निघालेला माणूस गाडी काढतो, वाईत नाश्ता करतो आणि पसरणीचा घाट चढतो. वाठार त्याच्या वाटेतही येत नाही. पण पुण्याहून मिरजेकडे पहिली रेल्वे झाली – छोट्या रुळांची – तेव्हा डोंगरावर जाणाऱ्यांचं स्टेशन वाठारच होतं. मुंबईची माणसं पुण्याला गाडी बदलायची, वाठारला उतरायची आणि पुढे वाईवरून टांग्याने घाट चढायची. वाटेत घोडी बदलायची. साहेब, पारशी, गुजराती शेठ, त्यांचे आचारी, बिछान्यांच्या वळकट्या, कुत्री, पिंजऱ्यातले पोपट... हे सगळं गाडीतून उतरून टांग्यांत चढताना स्टेशनबाहेर काय गोंधळ होत असेल! आमच्या सांगली-मिरजेकडची माणसं उलट्या बाजूने यायची. त्यांत हवा खायला जाणारे थोडे, छातीच्या दुखण्याने जाणारे जास्त. क्षयावर तेव्हा औषध नव्हतं. पाचगणीची हवा, तेच औषध.

पुढे मोटारी आल्या आणि वाठार मागे पडलं. आता तिथे पॅसेंजर थांबते, चार माणसं उतरतात, एखादं कुत्रं उठून सावलीतली जागा बदलतं. बस.

कॉलेजच्या वार्षिकासाठी मी या जुन्या प्रवासावर लेख लिहायला घेतला होता. सगळं मला तोंडपाठ होतं. निदान तसं मला वाटत होतं.

आता अण्णा. अण्णा म्हणजे माझा थोरला भाऊ. आमचं गाव विट्याच्या पलीकडं, माळावरचं. वडील मेंढरं राखायचे. ते लवकर गेले आणि अण्णा माधवनगरला मिलमध्ये लागला, मला बरोबर घेऊन आला. लग्न केलं नाही. कुणी विचारलं की म्हणायचा, "एक पोर वाढवतोय की! आजून किती वाढवू?" मिल बंद पडल्यावर पॉवरलूमवर गेला. मागांच्या खडखडाटात जन्म गेल्यामुळे त्याचं साधं बोलणंही अख्ख्या गल्लीला ऐकू जायचं. मला तो 'मास्तर' म्हणायचा. संध्याकाळी मी कॉलेजातून आलो की हा ओट्यावरून ओरडणार, "काय मास्तर, आज किती राजं मारलंस?" शेजारीपाजारी हसायचे. मला लाज वाटायची, हेही सांगून टाकतो.

दोन वर्षांपूर्वी त्याला अर्धांगाचा झटका आला. उजवा हात लुळा पडला, पाय ओढत चालू लागला, आणि बोलणं गेलं. 'बा... बा...' एवढाच आवाज उरला. डॉक्टर म्हणाले, मेंदूतला बोलण्याचा भागच निकामी झालाय, ते काही परत यायचं नाही.

शैलाची शाळा, माझं कॉलेज, मुलगी बंगळूरला. अण्णाजवळ बसायला ठेवलेली माणसं टिकेनात. शेवटी आम्ही बाहेरून कुलूप लावून जाऊ लागलो. संध्याकाळी मी कुलूप काढायचो तेव्हा दाराच्या आत, अगदी दाराला लागून, अण्णा खुर्ची ओढून बसलेला असायचा. दाराकडे तोंड करून. मला आत शिरायला आधी त्याची खुर्ची मागे सरकवावी लागायची. कधीपासून बसला असेल, हा विचार मी करायचं टाळत होतो. मग एक दिवस टाळता येईना, आणि मी पाचगणीच्या बाजूला अशा माणसांना सांभाळणारी एक जागा बघून आलो.

जागा चांगली आहे. स्वच्छ आहे, माणसं मायेची आहेत. नाव लिहीत नाही, कारण या सगळ्याशी त्यांचा संबंध नाही. त्यांनी विचारलं, कधी आणता? मी म्हणालो, वाठारपर्यंत रेल्वेने आणतो, तिथे तुमची गाडी पाठवा. घाटात मला उलट्या होतात, हे कारण मी त्यांना दिलं. दुसऱ्या दिवशी परीक्षेची ड्यूटी आहे, हे शैलाला. दोन्ही खरी होती. पण मुख्य कारण वेगळं होतं – अण्णाला आत सोडून त्या फाटकातून एकट्याने बाहेर पडायचं मला धाडस नव्हतं. वाठारला त्याला त्यांच्या माणसाच्या हवाली करायचं आणि उलट्या गाडीने सांगलीला परतायचं, असा माझा बेत होता.

आणि अण्णाला मी काय सांगितलं? म्हणालो, "चल अण्णा, जुन्या साहेबांसारखं रेल्वेनं पाचगणीला जाऊ. माझ्या लेखासाठी."

तो इतका खूश झाला! सकाळीच शैलापुढे तेलाची बाटली घेऊन बसला, डोकं पुढे करून. शैलाने तेल लावलं, भांग पाडला, आणि मग बराच वेळ मोरीत जाऊन ती तोंडच धुवत राहिली.

गाडीत खिडकीची जागा मिळाली. प्रत्येक स्टेशन आलं की अण्णा डाव्या हाताने गजावर टकटक करायचा आणि माझ्याकडे बघायचा. कराडला एक मिशाळ गृहस्थ समोर येऊन बसले. फौजेतून रिटायर झालेले, रहिमतपूरला उतरणारे. त्यांनी दोन मिनिटांत सगळी चौकशी केली.

"थोरलं भाऊ व्हय? आन कुटं निगालाय?"

"पाचगणीला."

"फिरवायला?"

मी मान हलवली.

"लय भारी गड्या!" ते डब्यात सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "आमचं सख्खं भाऊ बांधावरनं बोलत न्हाईत. आन ह्यो बगा, भावाला थंड हवंला घिऊन चाललाय." मग अण्णाच्या गुडघ्यावर थाप मारून, "नशीब काढलंसा दादा तुमी!"

अण्णाने माझ्याकडे बघितलं. तोंडभर हसला. मी खिडकीबाहेर ऊस बघत बसलो.

वाठारला आम्ही उतरलो तेव्हा फलाटावर ऊन नुसतं पसरलेलं होतं. गाडी गेली. आमच्याबरोबर उतरलेली दोन-तीन माणसं बाहेर पडली. अण्णाला मी झाडाखालच्या बाकावर बसवलं, पिशवी शेजारी ठेवली, ऊन लागलं तर डोक्यावर घ्यायला त्याचा टॉवेल त्याच्या मांडीवर दिला. जुन्या इमारतीकडे बोट दाखवून सांगू लागलो, "इथंच उतरायचे बघ सगळे..." बोलता बोलता माझं लक्ष मात्र बाहेरच्या रस्त्याकडे. त्यांचा माणूस आला की मोकळा, असं माझं चाललं होतं.

"पावनं, उतारू कोन?"

मागे वळलो. एक माणूस उभा होता. मळका फेटा, अंगात खाकी कोट – त्या उन्हात कोट – आणि काखेत काठीसारखं काहीतरी. चेहरा अगदी साधा. तिकडे असे चेहरे पुष्कळ दिसतात. पाचगणीहून पाठवलेला माणूस हाच, हे मी गृहीत धरलं. मनात आलेला विचार आठवतो – उतारू हा शब्द किती दिवसांनी ऐकला! हल्ली सगळे पॅसेंजरच म्हणतात.

"हे," मी अण्णाकडे हात केला.

"आन तुमी?"

"मी पोचवायला आलोय."

"वर येनार, का हितनंच माघारी?"

"इथूनच. मला परतीची गाडी आहे."

तो रागावला नाही की हसला नाही. "व्हय," म्हणाला, "बरीच हितनंच जात्यात." मग अण्णापुढे उकिडवा बसला. "चला दादा. फुडं बसाल न्हवं माज्या शेजारी? मागं लय हिसकं बसत्यात."

अण्णा त्याच्याकडे बघत राहिला. मी घाईघाईने औषधांचं सांगू लागलो – ही सकाळची, ही जेवणानंतरची, पाणी चमच्याने द्या नाहीतर ठसका लागतो. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग उठून मला जरा बाजूला नेलं.

"आता तुमी आसं करा. बिस्किटं आनायला जावा. आन जाताना मागं बगू नका. पोचवनाऱ्यानं मागं बगितलं, की उतारू चढत न्हाई. मग वडून बशीवाय लागतं. माज्याच्यानं व्हत न्हाई त्ये."

मी अण्णाच्या खांद्यावर हात ठेवला. "बिस्किटं आणतो," म्हणालो. एवढंच म्हणालो.

आणि मागे बघितलं नाही. स्टेशनबाहेरच्या टपरीवर जाऊन बिस्किटं घेतली. चहा घेतला. दुसरा घेतला. मानेला रग लागली, पण स्टेशनकडे पाठ केली ती केलीच. गाडी सुरू झाल्याचा आवाज येतो का, म्हणून कान मात्र मागे होते. कसलाही आवाज आला नाही.

परत आलो तर बाक रिकामं. पिशवी तिथेच. आणि... हे लिहायला जड जातंय... मला आधी हायसं वाटलं. मग पिशवीत औषधं आहेत हे लक्षात आलं आणि ती घेऊन मी बाहेर धावलो. रस्त्यावर दोन्ही बाजूंना काही नव्हतं. थोड्या वेळाने धुरळा उडवत एक जीप आली. तिच्यातून एक तरणा माणूस उतरला.

"सर, उशीर झाला, माफ करा. मी संपत. वाईत निस्ती गर्दी हो... पेशंट कुटं हायत?"

"तुमचा माणूस घेऊन गेला ना आत्ता!"

"आमचा कुटला मानूस?" तो माझ्या तोंडाकडे बघू लागला. "मीच की त्यो मानूस."

"खाकी कोटातला. फेटेवाला."

"आमच्याकडं खाकी फकस्त वॉचमन घालतोय, आन त्येला मी गेटवर पेंगताना सोडून आलोय. चेष्टा करता काय सर?"

अण्णाला कळलं होतं, हे पहिलं मनात आलं. मी त्याला इथे टाकून परत जाणार, हे त्याला कळलं आणि तो उठून रुळांच्या बाजूने चालायला लागला... मी फलाटाच्या टोकापर्यंत पळालो. हाका मारल्या. संपत मागच्या विहिरीकडे धावला. स्टेशनवरच्या माणसाला विचारलं, तर तो म्हणाला, "तुम्ही दोघं उतरलेले बघितले. मग तुम्ही बाकाजवळ उभे राहून बोलत होता. भावाशी बोलत असाल असं वाटलं. तिसरं कुणी नव्हतं की."

त्या गडबडीत माझी परतीची गाडी आली आणि गेली. मी तेव्हा रुळांपलीकडच्या बाभळीत अण्णाला शोधत होतो.

शेवटी संपत म्हणाला, "सर, वरच्या रस्त्यानं बगत बगत जाऊ. कुनीतरी लिफ्ट दिली आसंल." जीपमधून मी दोन्ही बाजूंचा एकेक माणूस बघत होतो. वाई मागे पडली. घाट लागला. उलटीबिलटी काही आली नाही. अर्ध्या घाटात रेंज आली आणि संपतचा फोन वाजला. तो ऐकत राहिला आणि त्याने जीप एकदम कडेला घेतली.

"सर," तो म्हणाला, "पेशंट पोचल्यात."

तिथल्या मुख्य सिस्टर दारातच भेटल्या. वैतागलेल्या होत्या. "अहो, असं एकट्याला पाठवतात का? आम्ही वाट बघतोय, तुम्ही मागून याल म्हणून. आमची ताटं उचलणं चाललं होतं तेव्हा आलेत ते."

ताटं उचलण्याची वेळ म्हणजे दुपारचं जेवण झाल्यावरची. तेव्हा आम्ही दोघं गाडीत होतो, सातारा स्टेशन अजून यायचं होतं, आणि अण्णाचं डोकं माझ्या खांद्यावर होतं. मी म्हणालो, तुमची वेळ चुकतेय. त्या म्हणाल्या, "चुकत असेल बाई. कामात घड्याळ कोण बघतं?"

"कुणी सोडलं त्यांना? कुठली गाडी होती?"

"गाडी नाही बघितली. मागच्या बाजूने आले. मी विचारलं, बाबा, कोण आलंय बरोबर? तर म्हणाले, 'उतारू येकच हाय. पोचवनारं न्हाई कुनी.'"

मी म्हणालो, "सिस्टर, त्यांना बोलता येत नाही."

"काहीतरीच! चांगले खणखणीत बोलले की. आमची मावशी आतून बघायला आली एवढ्या आवाजाने." त्या हसल्या. "मला म्हणाले, 'ताई, लय गार हाय गं हितं. घोड्यालाबी झूल घाला.' मी म्हटलं, बरं बाबा, घालते. इथे असं पुष्कळ ऐकायची सवय असते आम्हाला."

अण्णा आत कॉटवर बसला होता. टॉवेल दोन्ही कानांवरून घेऊन हनुवटीखाली घट्ट बांधलेला, घाटातल्या वाऱ्यात लहान पोराला बांधतात तसा. एका हाताने ती गाठ मारता येत नाही. सिस्टर म्हणाल्या, आम्ही नाही बांधला, असाच आले. मी जवळ गेलो. त्याच्या सदऱ्याला ओल्या गवताचा आणि जनावराच्या घामाचा वास येत होता. आमच्या लहानपणी घरात मेंढरांचा वास असायचा. हा तसा नव्हता.

"अण्णा," मी म्हणालो. "अण्णा, बोल ना रे."

त्याने माझ्याकडे बघितलं. "बा... बा..." म्हणाला.

मी त्याला तिथे ठेवलं नाही. सिस्टरांनी समजावलं, असं घाईने ठरवू नका, दोन दिवस राहू द्या. पण माझ्याने होईना. संपतने आम्हाला साताऱ्यापर्यंत सोडलं आणि तिथून आम्ही एस.टी. धरली. जीपमध्ये मी अण्णाला माझ्याजवळ मागे बसवत होतो. तो मागे चढेना. पुढचं दार धरून उभा राहिला, आणि घाटभर संपतच्या शेजारी बसून सरळ समोर बघत होता. मी मागून त्याची पाठ बघत होतो. हिसके खरंच फार बसतात मागे.

घरी पोचलो तेव्हा शैलाने दार उघडलं. आमच्या दोघांकडे बघितलं. अण्णाच्या कॉटवरच्या चादरी तिने सकाळीच धुवायला काढल्या होत्या. त्या दोरीवरून ओढून आणल्या आणि दमट चादर कॉटवर घालता घालता म्हणाली, "भाऊजी, जेवलात का?" मग रडायला लागली.

आता मी सकाळचं कॉलेज मागून घेतलंय. शैलाची शाळा दुपारची. दाराला कुलूप लागत नाही. सोपं आहे असं मुळीच नाही. दिवसभरात आम्ही दोघं नवरा-बायको फक्त दुपारी उंबऱ्यात एकमेकांना भेटतो, अर्धा मिनिट.

पावसाळ्यात एकदा मी एकटाच वाठारला गेलो. त्या टपरीवरच्या मावशींकडे बसलो. खाकी कोटातल्या माणसाचं सरळ विचारायला संकोच वाटला, म्हणून लेखाचं निमित्त केलं. म्हणालो, पूर्वी इथून टांगे सुटायचे ना?

"तुमी पेपरवालं काय?"

"नाही, मास्तर आहे."

"मग बसा. पेपरवालं हुतं तर उटिवलं आस्तं. मागं एक आला, पोरीसंगट फोटू काडून गेला, वडापाव खाल्ला, पैसं राह्यलं." मग हात पुसत म्हणाल्या, "आमच्या मामंजींचं वडील टांगा हाकायचं की. घरात लय गोष्टी सांगायची म्हातारी मानसं. सायबाची मड्डम टांग्यात बेसुद पडली, त्ये एक... आन आजारी मानसांच्या."

"आजारी म्हणजे, पाचगणीला जाणारे?"

"व्हय. खोकल्याचं. घरची मानसं हितवर आनायची आन हितंच टांगंवाल्याच्या हातात द्यायची. वर कुनी जायचं न्हाई. रोग लागंल ह्ये भ्या. मग टांगंवालं गाडी आली की आदी इचारायचं, उतारू कोन, आन पोचवनारं कोन? कारन पोचवनारं हितनंच पळायचं! त्यो आजारी एकटा घाटात पडंल म्हनून टांगंवाला त्येला आपल्या शेजारी फुडं घ्यायचा. एका हातानं लगाम, एका हातानं मानूस." त्यांनी दोन्ही हात करून दाखवले आणि हसल्या. "आता सांगा, घरच्यांस्नी भ्या, आन टांगंवाल्याला रोग लागत नव्हता व्हय?"

मी विचारलं, तो टांगेवाला दिसायला कसा होता?

"आवं, मी कवा बगितलाय! आन फोटू कोन काडनार गरिबाचा? चा थंड झाला तुमचा."

हे कुठल्याही पुस्तकात मला सापडलं नव्हतं. माझ्या लेखातही नव्हतं. मग त्या दुपारी ते शब्द मी ऐकले कुठून? लहानपणी कुणाकडून तरी ऐकलेलं डोक्यात राहिलं असेल, असं एक सहकारी म्हणाला. असेलही. पण तेवढ्याने अण्णा घाट चढत नाही. लेख मी पुरा केलाच नाही.

अनेकांशी बोललो. प्रत्येकाने एकेक गोष्ट सोडवून दिली आणि दुसरी तशीच ठेवली. शेवटी माझ्यापुढे दोनच वाटा उरतात. एक – वाठारला त्या दुपारी कुणीतरी आलं, माझ्या भावाला शेजारी धरून वर घेऊन गेलं, आणि तेवढ्यापुरती त्याची वाचा परत आली. दुसरी – कुणा भल्या माणसाने त्याला गाडीतून वर सोडलं, सिस्टरांची वेळ चुकली, आणि अण्णाला बोलता येतं. तेव्हाही येत होतं, आजही येतं, फक्त तो माझ्याशी बोलत नाही.

काल संध्याकाळी त्याला भात भरवत होतो. म्हणालो, "अण्णा, एक शब्द बोल. शिवी दे पाहिजे तर." त्याने घास गिळला, माझ्याकडे बघितलं – चांगलं बराच वेळ बघितलं – आणि मान खिडकीकडे वळवली.

डॉक्टरांकडे दर महिन्याला जावं लागतं. तपासणी झाली की अण्णाला बाहेर बसवून मी पुन्हा आत जातो आणि विचारतो, डॉक्टर, त्याला बोलता येणं शक्यच नाही ना? ते आता कंटाळलेत. तरी सांगतात, नाही, शक्यच नाही. मी त्यांना पुन्हा एकदा म्हणायला लावतो, आणि मग अण्णाचा हात धरून घरी येतो.